भाऊबीजेचं फिनेल

आमच्या किन्हवलीत माझा संडास बघायला बाया येत. हसू नका, खरं सांगते. फरशी अशी पांढरीफेक, की वर भात वाढावा. ॲसिड ओतायचं, नाकाला पदर लावायचा आणि खराट्यानं खसाखसा घासायचं. घरात सकाळ-संध्याकाळ फिनेल. रस्त्यानं जाणाऱ्यालाही कळायला पायजे, की बाईजानं घर पुसलं.

मग आमची नात कुणाली तीन वर्षांची झाली आणि तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. आधी वाटलं, सर्दी. ओव्यानं शेकलं, तेल चोळलं, दृष्ट काढली. काय फरक नाय. रात्र-रात्र पोर उशीला टेकून बसायची, तोंड उघडं, खांदे वर-खाली. बघवत नव्हतं. शहापूरच्या डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला आणि विचारलं, "घरात कसला धूर? कसला उग्र वास?" माझ्या सुनेनं, निशिगंधानं, नुसतं माझ्याकडं बघितलं.

घरी आल्यावर मात्र बोलली. "आई, ॲसिड, फिनेल, डासांची कॉइल, सगळं बंद. नायतर मी पोरीला घेऊन कल्याणला खोली करते. तुमच्यावर राग नाय माझा. पण तिला श्वास तर घेता आला पायजे."

माझं टाळकंच सरकलं. घर मी पुसते, हाडं मी झिजवते, आणि माझ्याच स्वच्छतेनं पोर आजारी? पण कुणाली गेली तर माझा पदर धरून घरभर फिरणार कोण? त्या भीतीनं मी गप बसले.

दुसऱ्या दिवशी निशिगंधानं बाजारातनं एक चकचकीत पाकीट आणलं. फोडून बघते तर काय, रिठे!

"अगो, हे पाकिटात विकतात? माझ्या माहेरी हे पायाखाली पडतं! उद्या शेणाच्या गोवऱ्यापण पाकिटात आणशील."

"मिळतात, आई," ती म्हणाली. "मोबाइलवर मागवता येतात."

पोट धरून हसले मी. पण रिठे हातात घेतले आणि हसू कुठं गेलं कळलं नाय.

माझं माहेर तिकडं मुरबाडच्या पलीकडं, धसईच्याही वर, डोंगरात. कपडे रिठ्यानं, केस शिकेकाईनं, भांडी राखेनं. लग्न होऊन इथं आले तेव्हा राखेनं माझ्या हाताच्या भेगा काळ्या पडलेल्या. हळद उतरली नव्हती, तेवढ्यात माझ्या मोठ्या नणंदेनं, जनाबाईनं, चार बायांत माझा हात धरून वर केला. "बघा गो, माझ्या भावानं कोळशाच्या भट्टीतली बायको आणली! रानातली ती रानातलीच." बाया हसल्या. मीपण हसले. नव्या नवरीनं दुसरं काय करायचं? पण त्या दिवसापासनं राखेला हात लावला नाय. पहिली फिनेलची बाटली घरात आली तेव्हा सोनं आल्यासारखं वाटलं मला. तो वास म्हणजे माझी अब्रू होती. आणि आता ही शिकलेली पोर मला परत राखेकडं धाडत होती.

तरी केलं. रिठे भिजवले, उकळले, त्या पाण्यानं फरशी पुसली. संडासाला धुण्याचा सोडा आणि लिंबाची सालं. घासताना दुप्पट जोर लागतो, खोटं कशाला बोलू? आमच्या ह्यांनी तर अंगणातल्या चुलीवरचं रिठ्याचं पाणी काढा समजून तोंडाला लावलं आणि अंगणभर थुंकत फिरले. "मारतेस काय गो मला?" म्हणे. कुणाली टाळ्या वाजवत होती.

आणि हळूहळू ती शिट्टी बारीक झाली, मग बंदच झाली. मला खरं वाटेना. रोज सकाळी झोपलेल्या पोरीच्या छातीला कान लावायचे. आत नुसता श्वास, दुसरं काय नाय. एक दिवस तशीच कान लावून रडले. पण मनात म्हटलं, भाऊबीज येतेय. वन्संना काय सांगू?

जनाबाई दर भाऊबीजेला मुरबाडहून येतात, भावाला ओवाळायला. तिथं त्यांच्या लेकाचं दुकान हाय. तिथली फिनेलची बाटली दर वर्षी पिशवीतनं आणतात, माहेराला भेट म्हणून. या वर्षीपण आल्या. उंबऱ्यातच थांबल्या आणि नाक वर केलं.

"बाईजा, आज घर पुसलं नायस?"

"पुसलं की, वन्सं."

"मग वास कसा येत नाय?"

निशिगंधा काय सांगायला गेली, तर जनाबाईंनी तिला हातानंच गप केलं. "सणाचा दिवस, आणि माझ्या माहेराला ही कळा?" म्हणत पिशवीतनं बाटली काढली, झाकण फिरवलं आणि ओवाळायला मांडलेल्या पाटाभोवती थेट ओतायलाच लागल्या. पाटाशेजारी कुणाली झेंडूच्या पाकळ्या मांडत बसली होती. ती खोकली. एकदा, दोनदा, आणि मग तीच शिट्टी.

मी जनाबाईंचं मनगट धरलं.

"वन्सं, पुरे."

आमचे हे टोपी हातात घेऊन खाली बघायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या बहिणीला उलट शब्द बोलले नव्हते.

"माझ्याच माहेरात माझा हात धरतेस?" जनाबाई कडाडल्या. "रानातली ती रानातलीच!"

तोच शब्द. एके काळी त्या शब्दानं मी कोपऱ्यात बसून रडले असते. आता वाईट वाटायला वेळ नव्हता.

"होय, रानातलीच. मला काय ते बोला. पण आधी इथं कान लावा." आणि मी कुणालीला उचलून त्यांच्यापुढं धरलं.

काय वाटलं कुणास ठाऊक, त्या वाकल्या. पोरीच्या छातीला कान लावला. लावूनच राहिल्या. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला. निशिगंधानं पंप आणला, पोरीला घेऊन अंगणात धावली. जनाबाई दाराकडं बघत उभ्या. बाटली हातातच.

मग त्यांनी झाकण घट्ट लावलं. "पाणी आण गो," म्हणाल्या. "आणि फडकं."

"मी पुसते, वन्सं. तुमची साडी नवी हाय."

"आण म्हटलं ना!"

नवी साडी खोचून जनाबाई गुडघ्यावर बसल्या आणि फरशी पुसायला लागल्या. मी बादली बदलत होते.

"अजून येतो काय गो वास?"

"येतो, वन्सं."

परत पुसलं. परत विचारलं. मी परत "येतो" म्हटलं. शेवटी रिठ्याचं पाणी आणून दिलं. त्यानंही पुसलं त्यांनी, कोपऱ्यापर्यंत. अंगणातनं कुणालीचा आवाज आला. पाकळ्या मागत होती, रडत नव्हती. जनाबाईंचे हात थांबले. डोळे पुसायला गेल्या, पण बोटांना फेस होता.

"आता?"

"आता नाय येत, वन्सं."

उठायला त्यांनी माझ्यापुढं हात केला. मी हात देऊन ओढलं. उभ्या राहिल्यावर त्यांनी माझा हात उलटा करून तळवा बघितला, त्या भेगांवरनं अंगठा फिरवला.  आणि हात लगेच सोडला नाय.