न वाळवलेले दाणे

कारखान्यात त्याला सगळे उस्ताद म्हणत. तीस वर्षं मोल्डिंग मशीनवर काढलेला माणूस. नुसत्या आवाजावरून साचा कुठे अडतोय ते सांगायचा. नवी मंडळी त्याच्याकडे आदराने बघत. आपल्याला त्याचं काही नाही असं तो म्हणे, पण एखाद्याने चुकून नुसत्या नावाने हाक मारली तर दिवसभर त्याच्याशी बोलत नसे.

मक्यापासून प्लास्टिक बनवणाऱ्या बाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा मालकांनी त्यांना थेट उस्तादच्या मशीनपाशी आणलं. बाईंनी प्रयोगशाळेत सात वर्षं घालवून तो दाणा तयार केला होता. पांढरट, तांदळाएवढा. त्याचे चमचे करायचे, ते हॉस्पिटलात जायचे, आणि वापरून झाले की खरकट्यासकट खताच्या कारखान्यात. बाईंच्या मालाची ही पहिलीच मोठी ऑर्डर ठरणार होती.

"उस्ताद, एकच सांगते," बाई म्हणाल्या. "हा दाणा हवेतलं पाणी पितो. मशीनमध्ये घालायच्या आधी ड्रायरमध्ये सहा तास वाळवायचाच. ओला राहिला तर वितळताना आतून तुटतो. चमचा दिसायला छान दिसतो, पण ठिसूळ होतो."

"निर्धास्त राहा, बाई."

चाचणीच्या दिवशी बाई स्वतः डबा घेऊन आल्या आणि सहा तास ड्रायरशेजारी स्टुलावर बसून राहिल्या. मग पहिला चमचा निघाला. त्यांनी तो पार दुमडला. चमचा वाकला, पण मोडला नाही. बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या मशीनवरचे लोक वळून बघू लागले. त्या दिवशीचे चमचे हॉस्पिटलाने तपासले, पसंत केले आणि चाळीस हजार मागवले.

बाई प्रयोगशाळेत परत गेल्या. ड्रायरवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवून गेल्या: सहा तास.

उस्तादने तो कागद वाचला आणि मनात म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! जन्मभर त्याने जे प्लास्टिक वितळवलं, त्याला कधी वाळवावं लागलं नव्हतं. दाणा ओतायचा, मशीन चालू करायचं. मक्याचं काय आणि खनिज तेलाचं काय, पळसाला पानं तीनच. शिवाय ड्रायर लहान. सगळा माल नीट वाळवायचा तर आठ दिवस गेले असते, आणि मालकांना तो छाती पुढे काढून सांगून बसला होता, "तीन दिवसांत देतो." मालकांना आठ दिवस चालले असते. त्यांनी तसं म्हटलंही होतं. तरी त्याने नावापुरता अर्धा तास गरम वारा दिला आणि दाणा मशीनमध्ये ओतला.

रस नेहमीपेक्षा पातळ आला. चमच्यांच्या कडांना पापुद्रा सुटू लागला. आणि हे त्याच्या लक्षात आलं, हे इथे स्पष्ट सांगायलाच हवं. दुसरा कोणी असता तर थांबला असता, नाहीतर त्याला काही कळलंच नसतं. उस्तादने दाब कमी केला, उष्णता उतरवली, कडा स्वच्छ केल्या आणि आपल्याच हातावर खूश झाला. एकही चमचा वाकवून पाहिला नाही. तिसऱ्या दिवशी माल रवाना झाला.

तीन आठवड्यांनी रविवारी ताई घरी आली. त्याची थोरली बहीण त्याच हॉस्पिटलात नर्स होती. तिने पर्समधून रुमाल काढला आणि उलगडला. आत चमच्याचे तीन तुकडे होते.

"सूप भरवत होते एका आजोबांना," ती म्हणाली. "अर्धं अंग गेलंय त्यांचं, बोलता येत नाही. चमचा दातात धरला आणि कट्‌कन मोडला. बोट घालून तुकडे काढले मी. ओठ फाटला बिचाऱ्यांचा. वॉर्डात असे दहा-बारा मोडलेत. सगळी खोकी परत पाठवतायत."

त्याने तुकड्यांना हात लावला नाही.

"तू कशाला तोंड पाडतोस?" ताई म्हणाली. "मी सांगितलं सगळ्यांना, माझा भाऊ मशीनवर असताना काम वाईट होणं शक्य नाही. दाणाच भिकार त्या बाईचा!"

बायकोने पुढ्यात ठेवलेला चहा त्याने तसाच निवू दिला.

सोमवारी मालकांच्या केबिनमध्ये बाई बसल्या होत्या. हॉस्पिटलाने त्यांना आजोबांच्या ओठाचंही कळवलं होतं. मोडके चमचे त्यांनी तपासले होते. आतून पाण्याने तुटल्यासारखे वाटतात, म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून त्यांनी साधेपणाने विचारलं, "उस्ताद, दाणे वाळवले होते ना?"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. "हो," तो म्हणाला. "पुरते सहा तास."

बाईंनी दुसरा प्रश्न विचारला नाही. एखादी तरी शंका घेतली असती तर बरं झालं असतं. त्यांनी मान हलवली, वही मिटली आणि म्हणाल्या, "मग माझ्याच मालात दोष आहे. माफ करा, उस्ताद. माझ्यामुळे तुमच्या हातून असला माल निघाला." आणि खरोखरच हात जोडले.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालक म्हणाले, मक्याचा नाद पुरे, आपला जुना दाणा बरा. बाई म्हणाल्या, उरलेली पोती बुधवारी घेऊन जाते. काम बंद करण्याचं पत्र तेव्हाच देते.

दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिकडे कारखान्यात जो तो त्याचं सांत्वन करत होता. "उस्ताद, मनाला लावून घेऊ नका, दाणाच तसला." प्रत्येक सांत्वन त्याला मुस्काटात मारल्यासारखं लागत होतं.

बुधवारी सकाळी बाई टेम्पो घेऊन आल्या. पोती उचलायला माणसं वाकली, तेव्हा उस्ताद आडवा आला. "थांबा," तो म्हणाला. "मी दाणे वाळवले नव्हते. अर्धा तास फक्त. खोटं बोललो."

मग मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उस्ताद, मन मोठं आहे तुमचं. पण बाईंना वाचवायला स्वतःवर घेऊ नका." माणसांनीही माना डोलावल्या. असा माणूस होणे नाही, असं कुणीतरी पुटपुटलंसुद्धा. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "नको, उस्ताद," त्या म्हणाल्या.

खोटं एका दमात खपलं होतं. खरं कोणी घेईना.

आता एकच वाट उरली. त्याने स्वतः एक पोतं फोडलं, त्यातला अर्धा माल ड्रायरमध्ये घातला आणि स्टूल ओढून बसला. त्याच स्टुलावर, पुरते सहा तास. येणारे-जाणारे बघत होते. पलीकडे बाई उभ्या होत्या, मग बसल्या, मग त्यांनी त्याच्याकडे बघणं थांबवलं. त्यांना कळत चाललं असावं.

आधी त्याने न वाळवलेला दाणा ओतला. कडांना पापुद्रा आला. "हे मला तेव्हाच दिसलं होतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आणि मी ते असं झाकलं." त्याने दाब कमी केला, उष्णता उतरवली. सुरेख चमचा निघाला. त्याने तो वाकवला. कट्‌. मग मशीन साफ करून वाळवलेला दाणा घातला. तो चमचा दुमडला आणि मोडला नाही.

सकाळी त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात आठवल्यासारखा मालकांनी तो खिशात घातला. टेम्पो परत पाठवा, एवढं म्हणून ते केबिनमध्ये गेले. माणसं आपापल्या मशीनकडे पांगली.

बाई जवळ आल्या. आता शिव्या द्याव्यात त्यांनी, असं त्याला मनापासून वाटत होतं. सात वर्षांबद्दल, जोडलेल्या हातांबद्दल. त्याने ऐकून घ्यायची तयारी केली होती. माफी कशी मागायची तेही सहा तास स्टुलावर बसून जुळवलं होतं.

बाईंनी दुमडलेला चमचा उचलला, सरळ केला आणि विचारलं, "त्या आजोबांचा ओठ बरा झाला का?"

उस्तादने तोंड उघडलं. बहीण रोज त्याच वॉर्डात होती. रविवारपासून तीनदा तिचा फोन येऊन गेला होता. आपलं नाव, आपलं खोटं, आपली लाज, सगळ्याचा त्याने रात्रंदिवस विचार केला होता.

"माहीत नाही," तो म्हणाला. "विचारलंच नाही मी."