पानाची पाठ

दुपट्यावर उन्हाचे दोन ठिपके पडले होते आणि आमची छकुली ते चिमटीत धरायला बघत होती. मूठ वळायची, उघडून बघायची, हात रिकामा. की पुन्हा झडप.

"अहो, हिचा खेळ बघा तरी," मी हाक मारली. रविवार होता, हे घरीच होते.

हे आले, हसले. मग ठिपके कुठून येतात म्हणून वर पाहिलं आणि हसू तिथंच थांबलं. खिडकीचं तावदान फुटलं होतं, म्हणून त्यावर मी खळ लावून एक जुनं पान चिकटवलं होतं. त्यातून ते येत होते.

"हे पान कुठून घेतलंस?"

"तुमच्या पिशवीतल्या रद्दीतून. का हो?"

ते खिडकीपाशी गेले. पानावर पेन्सिलीनं काढलेला त्रिकोण होता, आणि त्याच्या पायाच्या दोन्ही टोकांना उजेडाचं एकेक टिंब. सुईनं टोचावं इतकं बारीक.

"सोमीचं पान आहे," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

हे कशेळ्याच्या अलीकडच्या एका गावात मास्तर. पंधरा वर्षं भूमिती शिकवलेली. लढाई सुरू झाली आणि कंपासपेट्या मिळेनाशा झाल्या. तीस मुलांत तीन कंपास, तेही गंजके. कागदाचाही दुष्काळ. "टोक अलगद टेकवा, कागदाला दुखवू नका, मागचं पान वाया जातं," हे यांचं रोजचं सांगणं. तपासायची रीत मात्र यांची स्वतःची. आकृतीकडे बघायच्या आधी पान उलटायचं आणि पाठीवरून अंगठा फिरवायचा. कंपासचं टोक कितीही जपून टेकवा, मागं बारीक फुगवटा लागतोच. तो नसला, तर त्रिकोण दुसऱ्याच्या वहीवरून, उजेडाला धरून गिरवलेला. "कागद तोंडानं खोटं बोलेल, पाठीनं नाही," असं म्हणायचे. कधी चूक झाली नव्हती.

सोमी ओढ्यापलीकडच्या वाडीतली, सहावीतली एकटीच मुलगी. ज्येष्ठात तिच्या पानावरून अंगठा फिरवला तर पाठ गुळगुळीत. यांनी ते पान साऱ्या वर्गासमोर फाडून घेतलं. "चोरीचा त्रिकोण," म्हणाले. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. पान फाडल्याचं यांनी त्याच दिवशी जेवताना मला सांगितलं होतं, आणि आमटी वाढता वाढता मीही हसले होते.

भादव्यात सोमी हिवतापानं गेली.

त्या रविवारपासून घरात वेगळंच सुरू झालं. टोकाचं भोक दिसतं का म्हणून हे प्रत्येक वही उन्हाला धरून बघायला लागले. "मास्तरांना कागदातून देव दिसतो," म्हणून पोरं आपसात खिदळायची, हे मला शेजारच्या सुंदरानं सांगितलं. सोमीच्या जागेवर कुणाला बसू देईनात. घरी छकुलीला मांडीवर घेतलं की तिच्या दंडावरच्या देवी टोचल्याच्या खुणेवरून यांचा अंगठा फिरत राहायचा. पुढं, मागं. मी पोर काढून घ्यायची.

शेवटी मी एकदा बोललेच, "तिच्या आईकडे जाऊन या."

"जाऊन काय सांगू? तुझी मुलगी चोर नव्हती, हे? आता?"

"मग कधी? मी येते बरोबर. चला."

सोमीची आई बायजा अंगणात भात वाळवत होती. मास्तर दिसताच तिनं पदर सावरला, घोंगडी टाकली. "या वो मास्तरीनबाई, बसा. पोर लई गोड हाय. दात आलं का गं तुला?"

यांनी कसंबसं विचारलं, "बायजाबाई, सोमीकडे कंपास होता का?"

"कंपास कुटला? बाभळीचा काटा रवायची, दोऱ्याला पेन्सल बांधायची नि फिरवत बसायची. दोरा सुटला का मला शिव्या, तूच आखूड दिलास म्हनून!" बायजा हसली. "नि मंग पान उलटं करून नखानं घासायची. घास घास घासायची. म्या म्हनलं, काय करतेस गं? तर म्हनं, मास्तर सांगत्यात, कागदाला दुखवायचं नाय."

यांचा अंगठा धोतरावर दाबलेला होता, नख पांढरं पडलेलं.

"तुमी तिचं पान ठिवून घ्येतलं नव्हं का?" बायजा म्हणाली. "घरी येऊन सांगितलंन, आये, माजं पान मास्तरांनी ठिवून घ्येतलं."

मला वाटलं, आता यांनी बोलू नये. पण हे बोललेच. "बायजाबाई, मी ते फाडून घेतलं. मी तिला सगळ्यांसमोर चोर म्हणालो."

बायजा भातातून पाय फिरवत राहिली. एक फेरी पुरी केली.

"ठावं हाय," ती म्हणाली. "वाडीतली पोरं बोलल्याबिगर ऱ्हात्यात व्हय? पन तिनी मला जे सांगितलं त्येच म्या धरून हाय. तुमी आता त्ये मोडू नगा, मास्तर."

यांनी खिशातून पान काढून पुढं धरलं. खळ भिजवून खिडकीवरून सोडवताना रेघा पार पुसल्या होत्या, कोपराही गेला होता. बायजानं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. "कायबी दिसत नाय. काय व्हतं त्ये काडून दावा की."

हे उठले. सारवलेल्या अंगणाच्या कडेला उकिडवे बसले. सुतळीचा तुकडा घेतला, दोन काटक्या घेतल्या. पाया आखला. डाव्या टोकाला काटकी रोवून कंस काढला, मग उजव्या टोकाला. वर्गात डोळे मिटून त्रिकोण काढणारा माणूस, पण दुसरा कंस पहिल्यापाशी पोचेचना. हातानं पुसला, पुन्हा काढला. तिसऱ्या खेपेला कंस एकमेकांना भेटले. यांनी दोन्ही बाजू जोडल्या.

"ह्योच?" बायजानं वाकून विचारलं.

"हाच."

"बरुबर हाय?"

"अगदी बरोबर आहे," हे म्हणाले. आवाज वर्गातला होता, निकाल सांगतानाचा.

कोंबड्या भातावरून हाकललेल्या, त्या आता इकडे वळल्या. बायजानं त्यांना हुसकलं, पडवीतून कोंबड्या झाकायचं डालगं आणलं आणि त्रिकोणावर उपडं ठेवलं. हलू नये म्हणून वर एक धोंडाही ठेवला.

मग ती पुन्हा भात फिरवायला लागली.