उंदरिणीचा ठराव

सोसायटीच्या सेक्रेटरींना लोक तोंडावर ‘साहेब’ म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते इथे सांगण्यासारखं नाही. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी अख्ख्या इमारतीचा संसार अंगावर घेतला होता. दर महिन्याला ते सभा बोलवत आणि दर महिन्याला तळमजल्यावरच्या खोलीत ते स्वतः, वॉचमन आणि ओळीने मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या एवढेच जमत. वॉचमनला मताचा अधिकार नव्हता, त्यामुळे कोरम काही व्हायचा नाही.

अशा या गृहस्थांना त्यांची बायको एका सकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, “अहो, मी आपल्या दोघांची नावं नोंदवलीत. आठवडाभर जंगलात जायचंय.”

आजवर नावं नोंदवायचं काम सेक्रेटरींचं होतं. पण जंगल म्हणजे रिसॉर्ट असणार असं समजून ते खूश झाले. पोहायची चड्डी, गॉगल आणि हवा गार असली तर म्हणून जाड स्वेटर असं सगळं त्यांनी बॅगेत भरलं.

बस त्यांना डांबरी रस्त्यावर सोडून निघून गेली. तिथून पायवाटेने चांगलंच चालल्यावर झाडांच्या आड मातीच्या काही झोपड्या दिसल्या. पूर्वी कॉम्प्युटर कंपनीत असलेला, आता छातीपर्यंत दाढी वाढवलेला एक तरुण सामोरा आला. इथली व्यवस्था तोच बघायचा.

“इथे सगळेच स्वयंसेवक,” तो म्हणाला. “उजाड टेकडीवर जंगल वाढवतोय. झाडं लावायची, पाणी अडवायचं आणि प्राण्यांपासून मिळणारं काही खायचं नाही. दूध नाही, अंडी नाहीत, मधही नाही.”

“म्हणजे चहा कोरा?” सेक्रेटरींनी घाबरत विचारलं.

“छे, शेंगदाण्यांचं दूध घालतो की.”

सेक्रेटरींनी बायकोकडे पाहिलं. बायको मान वर करून झाडांकडे पाहत होती.

मग त्यांना संडास दाखवण्यात आला. तिथे नळ नव्हता, साखळी नव्हती. होती एक भुशाने भरलेली बादली आणि एक वाटी. “काम झालं की एक वाटी भुसा टाकायचा. त्याचं पुढे खत होतं,” दाढीवाला अभिमानाने म्हणाला. सेक्रेटरींनी ते खत कुठल्या भाजीला घालतात हे विचारायचं मुद्दाम टाळलं.

दुसऱ्या दिवशी कामं वाटली गेली. बायकोला रोपवाटिका मिळाली आणि सेक्रेटरींना भांडी. घरी ज्या माणसाने स्वतःची कपबशी मोरीपर्यंत नेली नव्हती, तो ओट्यावर बसून राखेने पातेली घासू लागला. दुपारी सगळे आडवे झाले की ते झोपडीत जात, खाटेखालची बॅग ओढत आणि स्वेटरात गुंडाळून आणलेली लोण्याची बिस्किटं भिंतीकडे तोंड करून खात. ती कुरकुर आवाज करत नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

त्यांचा जीव रमला तो संध्याकाळच्या बैठकीत. इथे रोज बैठक भरे. रोज! आणि कुणी बोलवायला न जाता झाडून सगळे हजर असत. कुठलाही निर्णय सगळ्यांच्या संमतीने व्हायचा. मान्य असेल तर उघडा पंजा वर करायचा, नसेल तर मूठ. एक जरी मूठ वर आली तरी विषय पुढे सरकत नसे. पाहुण्यांनाही हा हक्क होता. हे ऐकून सेक्रेटरी सरसावून बसले.

त्या दिवशी कोठार सांभाळणाऱ्या ताईंनी विषय मांडला. या ताई पूर्वी इस्पितळात नर्स होत्या आणि अजूनही सगळ्यांशी पेशंटशी बोलावं तशा बोलत. कोठारात एक उंदरीण शिरली होती आणि डाळीची पोती कुरतडत होती. तिला पिंजऱ्यात पकडून लांब सोडायचं का, असा प्रश्न होता.

सेक्रेटरींची मूठ आपसूक वर गेली.

“एखाद्याचं बिऱ्हाड,” ते उभे राहून म्हणाले, “त्याच्या संमतीशिवाय हलवणं हे कुठल्याच नियमात बसत नाही.”

सगळे शांतपणे ऐकत होते. आयुष्यात प्रथमच त्यांचं वाक्य पूर्ण होईपर्यंत कुणी उठून गेलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते वाक्य बरंच लांबवलं. भोपळ्याचं सूप गार झालं. दुसऱ्या संध्याकाळीही गार झालं. शेवटी भुकेने असो वा पटल्यामुळे असो, त्यांचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला: उंदरीण जिथे राहत असेल तिथून तिला सगळ्यांच्या संमतीशिवाय हलवायचं नाही, धान्य मात्र पत्र्याच्या डब्यांत भरून टाकायचं.

झोपडीकडे परतताना बायको म्हणाली, “छान बोललात.” तिच्या नखांत माती होती आणि ती काहीतरी गुणगुणत होती. ती गुणगुणते हे सेक्रेटरींना माहीत नव्हतं.

निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी आवराआवर करायला बॅग उघडली आणि तसेच बसून राहिले. बिस्किटं संपल्यापासून हात न लावलेल्या स्वेटरात शेंगदाण्याएवढी गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं वळवळत होती. बिस्किटांच्या कागदाचा बारीक कीस करून त्याची गादी केलेली होती. डाळ डब्यांत गेल्यावर उंदरिणीने नवीन जागा शोधली होती.

“अगं, जरा इकडे ये,” त्यांनी कसाबसा आवाज काढला.

बायकोने वाकून पाहिलं. “बिस्किटं?” एवढंच ती म्हणाली.

“ते नंतर बोलू. हे गुपचूप झुडपात ठेवून येतो.”

पण स्वेटर उचलायच्या आत कोठारवाल्या ताई दारात उभ्या होत्या, आणि संध्याकाळी विषय बैठकीत आला. सेक्रेटरींना सगळं सांगावंच लागलं. बिस्किटांचं नाव निघताच सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. मग मागून कुणीतरी हळूच विचारलं, “लोण्याची होती?” आणि आवंढा गिळल्याचा आवाज आला.

“घरटं खोक्यात हलवून बॅग साहेबांना परत द्यावी,” दाढीवाल्याने सुचवलं. “संमती?”

पंजेच पंजे वर झाले. सेक्रेटरींनी तर दोन्ही हात वर केले. त्या सगळ्यांत एकच मूठ होती, आणि ती त्यांच्या बायकोची होती.

“कारण सांगा, काकू,” दाढीवाला म्हणाला.

ती उभी राहिली. सभेत बोलायची तिला सवय नव्हती. “ती नुकतीच बाळंत झालीय. आता जागा हलवली तर पिल्लांना टाकून जाईल.”

“जाऊ शकते,” ताईंनी दुजोरा दिला.

“अगं, पण उद्याची बस?” सेक्रेटरी कुजबुजले. “आणि महिनाअखेरची सभा?”

“कोरम होणार आहे का?” तिने तितक्याच हळू विचारलं.

विषय तिथेच थांबला.

जेवणानंतर सेक्रेटरी पातेली घासत होते. ती शेजारी बसून विसळत होती.

“खरं सांग,” ते म्हणाले, “तुला एवढा उंदरांचा कळवळा कधीपासून?”

“रोपं अजून दोन पानांवर आहेत. जरा मोठी झाली की टेकडीवर लावायचीत. मला ती माझ्या हाताने लावायचीत.”

“मग घरी जायचं नाही असं सरळ सांगायचंस.”

“सरळच सांगते हो मी. लग्न झाल्यापासून सांगतेय. इथे मूठ वर केली की सगळे थांबतात, एवढाच फरक.”

सेक्रेटरींनी ते पातेलं गरजेपेक्षा बराच वेळ घासलं. मग म्हणाले, “लेकीला फोन करून सांगायला हवं, उशीर होईल म्हणून.”

“सांगितलंय मी.”

कपडे बॅगेत अडकल्यामुळे पुढचे दिवस ते दाढीवाल्याचा ढगळ सदरा घालून वावरले. पोहायची चड्डी तेवढी आंघोळीनंतर दोरीवर वाळत होती, ती पातेली घासताना घालायला कामाला आली. पिल्लांचे डोळे उघडले, अंगावर लव आली आणि एका सकाळी बॅग रिकामी झाली. तळाला मात्र चांगलं भोक पडलं होतं. तरीही त्या दिवशी बसची चौकशी कुणीच केली नाही, कारण टेकडीवर लागवड सुरू व्हायची होती.

सेक्रेटरी कुदळ घेऊन पुढे चालले, बायको रोपांची टोपली घेऊन मागे. त्यांनी एक जागा हेरली, बाह्या सरसावल्या आणि कुदळ उचलली. मग ती तशीच हवेत धरून त्यांनी मागे वळून विचारलं, “इथे खणू?”

ती उतार, ऊन, बाजूचा दगड असं सगळं सावकाश बघत राहिली.

“जरा अलीकडे,” ती म्हणाली.

ते अलीकडे सरकले आणि खणू लागले.