माझा राहून गेलेला ळ

मी एक जुना फॉन्ट आहे, मित्रांनो. फॉन्ट म्हणजे संगणकातली अक्षरं. वय अवघं सहा, पण आमच्यात एवढ्यातच म्हातारपण येतं. जाड मार्करने काढलेला मी. माझं एक अक्षर सरळ उभं राहील तर शपथ!

मला पिंप्राळ्याच्या मेघाने घडवलं. धुळ्याला शिकताना तिने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर एकेक अक्षर तोंडाने म्हणत काढलं. आता आमच्या खान्देशात घरोघरी केळीला ‘केयी’ म्हणतात, डोळ्याला ‘डोया’. एकदा कॉलेजात ‘केयी’वरून हसं झालं, तेव्हापासून मेघा तोलूनमापून बोलायची. मार्कर हातात आला की मात्र जीभ घरचीच! त्या नादात ळ राहूनच गेला. वाढदिवसाच्या शुभेच्छा, सेलच्या पाट्या, सगळीकडे माझं कौतुक झालं. ळ कुणाला लागला नाही आणि मी आपला फुगत राहिलो.

मग शेजारच्या ताईबाईंनी दुकान काढलं. इतकी वर्षं त्या केळीचे वेफर्स दारोदार विकायच्या. साठीला टेकल्यावर लिहायला शिकलेल्या, म्हणून पाटीचा मजकूर हट्टाने स्वतःच लिहिला. ‘केळी’तला ळ गिरवून गिरवून कागद फाटायला आलेला. मेघाने त्याचा फोटो आणि मला फ्लेक्सवाल्या भूषणकडे धाडलं. त्याने घाईघाईत छापून टांगलं.

उद्घाटनाला पडदा सरला आणि ळच्या जागी नुसता रिकामा चौकोन! माणसं खो खो हसली. हे कसं झालं म्हणून कुणीतरी विचारलं. मेघाचा चेहरा उतरला.

“ताईबाईंनी कागदावरच जागा सोडली होती,” ती म्हणाली.

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उणीव माझी आणि बोल त्या माउलीला! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. ताईबाईंनी वर पाहिलंही नाही.

“मन्हीच चूक व्हई. नवीनच लिखाले शिकनू ना मी,” म्हणत त्या आत गेल्या. पोलक्याला अडकवलेलं पेन त्यांनी काढून गल्ल्यामागे टाकलं.

ते पेन पडलेलं मेघाने पाहिलं. कागद तिच्याच पर्समध्ये होता. तिने तो काढला, सगळ्यांसमोर धरला, आणि ळ ताईबाईंनी बरोबर लिहिलाय, माझ्याच फॉन्टमध्ये नाही, मी खोटं बोलले, असं सांगून टाकलं. मग ताईबाईंना हाताला धरून बाहेर आणलं, स्टुलावर चढवलं आणि मार्कर पुढे केला.

“हाऊ ळ तुम्हीच काढा, ताईबाई.” कॉलेजातल्या त्या हशानंतर चारचौघांत ती पहिल्यांदाच घरचं बोलली.

ताईबाईंनी ओठ दाबून, सावकाश, त्या चौकोनात ळ काढला. मेघाने तोच नंतर माझ्यात बसवला.

मित्रांनो, आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारू नका. नव्याने शिकणाऱ्याच्या तर मुळीच नका. मला अजून त्या दिवसाची लाज वाटते. कुठे पाटीवर माझ्या अक्षरांत ‘जळगाव’ दिसलं तर बघा. बाकीची अक्षरं उड्या मारत असतात, एक ळ तेवढा सरळ उभा असतो. तो ताईबाईंचा आहे.