मुकादमाने बांधलेली खोली

घरसामान हलवणाऱ्या कंपनीत सव्वीस वर्षं काढली की माणसाला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसायला लागतात : फुटणाऱ्या आणि न फुटणाऱ्या. ठमीचे वडील त्या कंपनीत मुकादम होते. लोकांचं घर चार तासांत उचलायचं, खोक्यांवर नंबर घालायचे, शेवटी प्रत्येक खोलीत एक फेरी मारायची आणि ‘काही राहिलेलं नाही’ अशा कागदावर सही घ्यायची. एकदा कुणाची तरी बादली राहिली आणि ठपका यांच्यावर आला. तेव्हापासून ते भिंतीतले खिळेसुद्धा मागे सोडत नसत.

त्यामुळे ठमीला लांबच्या शहरात कॉलेज मिळालं, तेव्हा सामान कोण बांधणार हा प्रश्नच नव्हता. तसंही घरात दोघंच. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती.

“बाबा, तुम्हीच भरा हं,” निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती चप्पल शोधत म्हणाली. “मला धड घड्या जमत नाहीत. मी मैत्रिणींना भेटून येते.”

“जा, जा. आणि लवकर येऊ नकोस. गिऱ्हाईक उभं राहिलं की काम लांबतं.”

संध्याकाळी ती परत आली आणि खोलीच्या दारातून तिने “बाबा!” अशी हाक मारली, तर तिचाच आवाज घुमून तिच्याकडे आला. पलंग खोलून दोरीने बांधलेला होता. पडदे नव्हते, पडद्यांची दांडीही नव्हती. खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवली होती. भिंतीलगत चौदा खोकी, नंबर बाहेरच्या बाजूला करून, शिस्तीत उभी होती.

“बघ, एक ओरखडा नाही,” मुकादम तिच्या हातात यादी देत म्हणाले.

“बाबा, मी दोन बॅगा नेणार आहे.”

“दोन?”

“दोन. पलंग होस्टेलचा असतो.”

“मग आधी सांगायचं, ठमे! मी काय स्वप्नात बघू?”

ती दारातच उभी होती. “मी परत यायचं नाहीये का?”

“हे काय खूळ? सुट्टीत येशील की.”

“कुठे येऊ? इथे कधी कुणी राहत होतं असं वाटतच नाही.”

हेच वाक्य एका घरमालकाने मुकादमांच्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं आणि ते त्यांनी कितीतरी वर्षं मिरवलं होतं. आता त्यांनी खोलीकडे पाहिलं आणि मोजायची पट्टी एका खिशातून काढून उगाचच दुसऱ्या खिशात घातली.

“तुला बसमध्ये बसवलं की सगळं होतं तसं लावतो.”

“कुठे काय होतं, आठवतंय तुम्हाला?”

“यादी आहे ना.”

यादीत कुठल्या खोक्यात काय आहे ते होतं. जिथली वस्तू तिथेच परत ठेवा, असं सव्वीस वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ठमी बाहेरच्या खोलीत पाहुण्यासारखी झोपली आणि सकाळी दोन बॅगा घेऊन गेली. मुकादमांनी चार दिवस रजा टाकली.

“कुठून कुठे हलवताय?” रजेचं कळल्यावर कंपनीच्या ट्रकच्या ड्रायव्हरने विचारलं.

“आहे तिथेच.”

“मग भाडं किती घ्यायचं, विचार करावा लागेल,” ड्रायव्हर म्हणाला आणि एकटाच हसला.

खरं म्हणजे काम अवघड नव्हतं. फरशीवर पलंगाच्या चार पायांचे ठसे होते. कपाटामागचा रंग जरा उजळ राहिला होता. जाणत्या माणसाला खोली एका दुपारची. पण त्या संध्याकाळी सात वाजता मुकादमांनी ठशांच्या मधोमध उभं राहून फोन लावला.

“ठमे, तुझा पलंग नक्की कुठे होता गं?”

 पलीकडे कुठल्यातरी पॅसेजमधलं दुसऱ्याच मुलींचं हसणं ऐकू आलं.

“खिडकीशी, बाबा. उशी दाराकडे.”

“हां. तेच म्हटलं. जेवलीस?”

“मेस आठला उघडते.”

“मैत्रिणी झाल्या?”

“होतील.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलाबद्दल विचारलं. तिसऱ्या दिवशी एक नंबरचं खोकं उघडलं, चौथ्या दिवशी दोन नंबरचं. रजा संपली, तरी ते कामावरून आल्यावर रोज एकच खोकं फोडत. पुस्तकांचा क्रम विचारत. दिवा डावीकडे की उजवीकडे, विचारत. दिव्याची तार एवढीशी होती, ती उजवीकडे पोचतच नव्हती. ठमीनेही हे त्यांना सांगितलं नाही. “डावीकडे,” ती नीट विचार केल्यासारखं म्हणाली. बाकी बोलणं दोन मिनिटांच्या वर जात नसे. दोघांनाही त्याची सवय नव्हती.

चौदावं खोकं लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी खोली हुबेहूब तयार होती. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. सात वाजले. मुकादम ठमीच्या खुर्चीत बसले, उठले, पडदा सरकवून पुन्हा होता तिथे आणला. सव्वासातला फोन वाजला.

“बाबा, मला एक कपाट मिळालंय. चार कप्पे आहेत. कसं लावू?”

“आत्ता मिळालं? इतके दिवस काय केलंस मग?”

“मिळालं पहिल्याच दिवशी,” ठमी म्हणाली. “बॅगा उघडल्या नाहीत मी अजून. वरचंवरचं काढून वापरतेय.”

मुकादम पुन्हा ठमीच्या खुर्चीत बसले. सामान न उघडणारं गिऱ्हाईक मनाने अजून आधीच्याच घरात असतं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

“पट्टी आहे जवळ?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग वीत लाव. आधी खालचा कप्पा सांग. सावकाश मोज, मी आहे.”