दुसऱ्याचं कार्टं

तिने टेप सर्रकन ओढली, पिटुकलीच्या मेजाच्या नमुन्यातल्या पायरीला लावली आणि आकडा पाहून सोडून दिली. पत्र्याची पट्टी आत जाता जाता तिच्या अंगठ्याला चावली. अंगठा तोंडात धरून ती तशीच उभी राहिली. पायरीची उंची तिच्या स्वतःच्या नमुन्यातल्या पायरीएवढीच होती. मिलिमीटरचाही फरक नव्हता.

“झालं मोजून?” पिटुकलीने विचारलं. वर्गात सगळ्यांत बुटकी असलेली ती लाकडाच्या भुशातच मांडी ठोकून बसली होती आणि पॉलिश पेपरने एक कड घासत होती.

“तू माझी ड्रॉइंग पाहिलीस.”

“आपण एका टेबलावर बसतो. डोळ्यांना पट्टी बांधून बसू का?”

“म्हणजे पाहिलीस.”

“पाहिली.”

“आणि पायरी उचललीस.”

पिटुकलीने घासणं थांबवलं. “पायरी काय तू शोधून काढलीस? मग आजवर लोक माडीवर काय दोर लावून चढत होते?”

पलीकडे रंधा मारणारा गिटारवाला फिस्सकन हसला. वर्गात त्याच्या हाती रंध्यापेक्षा गिटारच जास्त असे, म्हणून हे नाव. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा रंध्याला लागला.

कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात रोज सकाळी एक विद्यार्थी समोर उभा राहून धर्मग्रंथातला उतारा वाचत असे. ग्रंथ ठेवायचं उंच मेज जुनं झालं होतं, आणि ते केलं होतं कुणा धिप्पाड फादरच्या मापाने. बुटका वाचणारा त्यामागे गडप होई. डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला यंदा हेच काम होतं: नवं मेज. प्रत्येकाने प्लायवूडचा पूर्ण आकाराचा नमुना करायचा, आणि त्यातला एक कॉलेजच्या सुतारशाळेत खऱ्या लाकडात बनायचा. तिने मेजाच्या पोटात खणासारखी पायरी बसवली होती. बुटक्याने ओढायची, उंचाने ढकलायची. इतकी साधी गोष्ट दुसऱ्या कुणाला सुचली नव्हती, याचा तिला महिनाभर आनंद होता. आज तो आनंद नासला होता.

आणि तिला हे मेज बनायलाच हवं होतं. भौतिकशास्त्र अर्ध्यात सोडून ती इथे आली, तेव्हा बाबा जेवता जेवता थांबले होते. इथे प्रत्येकाला सगळंच शिकावं लागतं, सकाळी तत्त्वज्ञान, दुपारी सुतारकाम, संध्याकाळी समूहगान, हे ऐकून तर ते म्हणाले होते, “म्हणजे एक ना धड.” मग अट घातली होती. दोन वर्षांत तुझ्या हातचं एक तरी काही खरोखर उभं राहिलेलं दाखव. कागदी घोडे नकोत. नाहीतर निमूटपणे प्रयोगशाळेत परत. दुसरं वर्ष आता संपत आलं होतं.

डिझाइन सिस्टर शिकवत. पांढरा झगा, खिशात सुतारी काटकोन, आणि स्वभावही काटकोनातला. त्यांच्या वर्गात परीक्षणाच्या दिवशी कुणालाही स्वतःचं काम मांडता येत नसे. आदल्या दिवशी चिठ्ठी उचलून ज्याचं नाव येईल त्याचं काम मांडायचं, आणि ज्याचं ते असेल त्याने तोंड बंद ठेवायचं. “आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं,” सिस्टर म्हणत. “एक दिवस तरी कार्ट्याला कडेवर घ्या.” मुलं त्या दिवसाला कार्ट्यांचा दिवसच म्हणत.

तिने चिठ्ठी उघडली आणि चुरगळली.

“कोण आलं?” गिटारवाल्याने विचारलं. मग तिचा चेहरा पाहिला, पिटुकलीच्या हातातली चिठ्ठी वाकून वाचली आणि म्हणाला, “अरे देवा! दोघी एकमेकींच्या. तेल आणि काडी एकाच डब्यात.”

परीक्षणाआधी एकमेकांना प्रश्न विचारायला वेळ दिलेला असे. ती सुतारशाळेच्या दारात पाठमोरी उभी राहिली.

“मला काही विचारायचं नाहीये,” ती म्हणाली.

“मला आहे. सिस्टर विचारणारच. तुला हे कुठून सुचलं?”

“सुचलं. सकाळी दात घासताना.”

“दात घासताना.” पिटुकलीने ते शब्द चावून पाहिल्यासारखे उच्चारले. “बरं.”

दुसऱ्या दिवशी प्रार्थनामंदिरात सगळे नमुने ओळीने मांडले होते. पहिल्या बाकावर सिस्टर आणि प्राचार्य फादर, मागे वर्ग. बाकीच्यांचं आटोपल्यावर पिटुकली उठली.

पिटुकली मुद्दाम काम बिघडवेल, निदान एखादी गोष्ट गाळेल, अशी तिची खात्री होती. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण पिटुकलीने काहीच गाळलं नाही. फळीचा उतार तेवढाच का, झगा अडकू नये म्हणून कोपरे कसे गोल केलेत, ग्रंथ घसरू नये म्हणून खालच्या कडेला उभी पट्टी कशी उंच लावलीय, सगळं सांगितलं. चोर माल विकायला बसला की असाच गोड बोलतो, तिला वाटलं.

“आणि वाचणारा बुटका असेल,” पिटुकली म्हणाली, “तर तो असं करतो.”

ती खाली वाकली. मेजामागे नाहीशी झाली. पायरी अडकली होती; तिने एक हिसका दिला, मग दुसरा. लाकूड फरशीवर करकरत बाहेर आलं आणि तो आवाज वरच्या कमानींत घुमला. पिटुकलीचा हात आधी वर आला, मग कपाळ, मग चेहरा. मागून कुणीतरी हसू दाबलं. ते दाबलेलं हसू पसरलं.

“शांत!” सिस्टर म्हणाल्या. “हे कुठून सुचलं?”

“दात घासताना,” पिटुकली म्हणाली. आता कुणीच हसलं नाही. तीही नाही.

मग तिची पाळी आली. तिचं ठरलं होतं. एकच वाक्य बोलायचं: हे काम मांडायला मला काही अडचण नाही, कारण ते माझंच आहे. वाक्य तिने रात्रभर घासून गुळगुळीत केलं होतं. ती मेजामागे गेली. समोरची फळी जमिनीपर्यंत बंद होती, बसलेल्यांना वाचणाऱ्याचे पाय दिसत नव्हते. पायरी ओढायला तिने खाली हात घातला.

मूठच नव्हती.

तिने पायरीला बोटं लावून खेचलं. पायरी हलली नाही. ती खिळलेली होती. काल उंची मोजली होती, ओढून पाहिली नव्हती. आता तिने नीट पाहिलं. मेज जवळजवळ दुप्पट रुंद होतं. डाव्या अर्ध्या भागाखाली कायमची पायरी, उजव्या अर्ध्यात नुसती जमीन. ज्याला जिकडे सोयीचं तिकडे त्याने जाऊन उभं राहायचं आणि ग्रंथ आपल्याकडे सरकवायचा.

“थांबलीस का?” सिस्टरनी विचारलं.

“इथे दोन जागा आहेत,” ती म्हणाली. आवाज तिला हवा तसा आला नाही. “बुटक्याची आणि उंचाची.”

“पण पायरी आत जात नाही?” फादर पुढे झुकले. “मघाचं मेज छान होतं. नको तेव्हा ढकलून द्यायची. ह्याच्यात जागा वाया जातेय.”

हे तिच्याच मेजाचं कौतुक होतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं. तिने पिटुकलीकडे पाहिलं. नियमाप्रमाणे गप्प, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ती बसली होती. पाय फरशीला टेकत नव्हते.

“आत गेली, तर बाहेर ओढावी लागते, फादर.”

“मग?”

“ओढताना आवाज होतो.”

फादर मागे टेकले. सिस्टर काही लिहीत होत्या, त्या थांबल्या.

“तिला हे कुठून सुचलं?”

“खोक्यावरून.”

“कुठलं खोकं?”

“मागच्या वर्षी पहिल्यांदा तिची वाचायची पाळी होती. नुसतं कपाळ दिसत होतं. मग स्वयंपाकघरातून फळांचं रिकामं खोकं आणून दिलं होतं.” ती थांबली. “ते करकरत होतं.”

“हे तिने सांगितलं तुला?”

“नाही. मी तिला काहीच विचारलं नाही.”

“मग?”

“मी तिथे होते. समूहगानात.” त्या वाचनाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ब्रश तोंडात असताना ती आरशासमोर थबकली होती, हे कुणी विचारलं नाही.

“ग्रंथ सरकवून दाखव,” सिस्टर म्हणाल्या.

तिने ग्रंथ उजवीकडे ढकलला. तो उतारावरून निसटला, कडेची बारीक पट्टी ओलांडून खाली आला. तिने तो पोटाशी धरला.

“आता शेवटचं. यात उणं काय?”

हा प्रश्न दरवर्षी असे. पिटुकलीचे डोळे फरशीवर होते. एवढ्या एका पट्टीवरून हे मेज बाद करता आलं असतं. माप तोंडपाठ होतं, कोन तोंडपाठ होता, नुसतं रागाने बोलायचं बाकी होतं. ती रागानेच बोलली.

“पट्टी! असली पट्टी कुणी लावतं का? साधी अक्कल नाही. दोन बोटं उंच हवी. माझ्या मेजाची आहे तशी.” मग ग्रंथ बाकावर ठेवत, कुणाकडेही न पाहता, “तीच काढून लावा.”

सिस्टरनी फादरकडे पाहिलं, मग उठून रुंद मेजावर काटकोनाने दोनदा ठकठक केलं. “हे करू.”

दुपारी सुतारशाळेत ती स्वतःच्या नमुन्यावर वाकून पट्टीचे स्क्रू काढत होती. तिनेच ते जीव खाऊन आवळलेले होते. शेवटचा हलेना. पेचकस घसरला, कालचाच अंगठा पुन्हा सोलला, आणि तिने स्क्रूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

“मी धरू?” पिटुकली मागे येऊन उभी होती.

“नको.”

पिटुकलीने पट्टीचं दुसरं टोक धरलं.

“अजून मला वाटतं, तू माझी पायरी उचललीस,” ती म्हणाली.

“वाटू दे.” पिटुकलीने पकड घट्ट केली. “तू दुसऱ्या रांगेत होतीस. गाण्याचा कागद तोंडापुढे धरून हसत होतीस.”

पेचकस थांबला.

“तुला कसं दिसलं?”

“वरून सगळं दिसतं. तेवढ्या उंचावर मी पहिल्यांदाच उभी होते.”

टेबलावरचा फोन थरथरायला लागला. बाबा. तिने तो खांद्याने कानाशी दाबला आणि पेचकस पुन्हा खाचेत बसवला.

“काय झालं परीक्षणाचं? उभं राहतंय का काही?”

“राहतंय.”

“तुझं?”

ती दातओठ खात पेचकसावर रेलली. स्क्रू करकरला आणि सुटला. पट्टी दोघींच्या हातात आली.

“पट्टी माझी आहे,” ती म्हणाली.

“नुसती पट्टी?”

“हो. नाहीतर पुस्तक पडतं.”

फोन कानाशी तसाच दाबून, पट्टीचं आपलं टोक धरून ती रुंद मेजाकडे निघाली.