नखमास्तर

"एक ओरखडा दाखवा, मामा. एक," असं म्हणत जावईबापूंनी चौथ्या टायरवरचा तपकिरी कागद टरकन फाडला.

नखमास्तर टायरवर वाकले. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी त्या काळ्याभोर रबरात रोवलं. रोवलं म्हणजे रोवायला गेले. ते घसरलं.

मी माझं किल्ल्यांचं दुकान तसंच उघडं टाकून त्यांच्या स्टुलावर येऊन बसलो होतो. आमची दुकानं भिंतीला भिंत लागून. मी थापाड्या म्हणून रस्ताभर बदनाम आहे आणि त्यात खोटं काही नाही. मास्तरांच्या नखाबद्दल तर मी काय काय पसरवलं त्याला सुमार नाही. एका साहेबाच्या बुटाला नख लावून त्यांनी त्याची बदली सांगितली, हे मीच सांगितलेलं. खरं एवढंच, की चाळीस वर्षं टायर बसवून त्या नखाला रबराचं वय कळायला लागलं होतं. ताज्या रबरात नख रुततं आणि उमटलेली खूण सावकाश भरून येते. म्हाताऱ्या रबरावरून ते पाटीवरून घसरावं तसं घसरतं.

"नऊ वर्षांचे आहेत," मास्तर म्हणाले. टायरच्या बाजूला चार आकडे उठवलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते त्यांनी बोटाने पुसून दाखवले.

"पण रस्त्यावर चाललेत कुठे? गोदामात गुंडाळून पडले होते."

"पडून पडूनच रबर मरतं, बापू. वरून कळत नाही."

"माझ्याकडे बघून कळतं की," मी म्हणालो आणि स्वतःकडे बोट दाखवलं. कोणी हसलं नाही.

बाहेर गाडी जॅकवर उभी होती. तीस वर्षांची, लाल, दोनच माणसांची, आत बसलं की बूड रस्त्याला टेकेल इतकी बुटकी. दुसऱ्या दिवशी, रविवारी, जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींची डोंगरावर चढाई होती. चालवणार जावईबापू आणि शेजारच्या सीटवर मास्तरांची लेक. लग्नाला सहा महिने झाले होते.

मास्तरांनी फळीकडे हात केला. "हे न्या. माप तेच, वेग तोच, पकड याहून बरी. दोन महिन्यांपूर्वीचे आहेत."

"नक्षी वेगळी आहे, मामा. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यावर हीच नक्षी होती. तिथे लोक गुडघ्यावर बसून टायर बघतात. हसतील मला."

"हसू देत की."

"बाबा, जाऊ द्या ना," लेक म्हणाली. "आठ महिने शोधत होते ते." याच दुकानात टायरच्या चळतीवर बसून तिने पाढे पाठ केले होते. तिने टायरवर तळवा ठेवला आणि काढून घेतला. नख लावलं नाही. मी पाहिलं.

"तुम्हाला नको असेल तर दुसरीकडून बसवून घेतो," जावईबापू अगदी नरमाईने म्हणाले. माणूस वाईट नव्हता. गाडीच्या प्रेमात होता, आणि प्रेमातला माणूस वरची चकाकीच बघतो.

मास्तर फळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नको. मीच बसवतो."

हवा भरताना टायर रिमवर बसतो तेव्हा दोन आवाज येतात. आधी आतली कड बसते, मग बाहेरची. ठप्प, ठप्प. चाळीस वर्षं भिंतीपलीकडून ते ऐकत मी किल्ल्या घासल्या. त्या दिवशी पहिला ठप्प झाला आणि दुसरा येईचना. हवेचं यंत्र थरथरत राहिलं. बऱ्याच वेळाने तो आला तोही कोरडा, लाकूड मोडल्यासारखा. चारही वेळा तसंच. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलेकडे पाहिलं.

हात पुसत ते म्हणाले, "नव्या टायरवर साच्याचा बुळबुळीतपणा असतो. पहिले दीडशे किलोमीटर घासावे लागतात. ते मी घासून आणतो. दुकानाचा नियम आहे."

बुळबुळीतपणाचं खरं होतं. नियमाचं मी प्रथमच ऐकत होतो. थाप हा माझा धंदा, मला ती शंभर पावलांवरून ओळखू येते. जावईबापूंनी माझ्याकडे वळून विचारलं, "असा नियम आहे?"

"आहे," मी म्हणालो. "जुना आहे."

"बाबा, मी येते," लेक म्हणाली.

"तू दुकान बघ."

त्यांनी सीटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि गेले. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

बारापर्यंत जावईबापू चाकांच्या काढून ठेवलेल्या टोप्या चकाकवत होते. दोन वाजता त्यांनी फडकं खाली ठेवलं. लेक दुकानाच्या पायरीवर उभी होती, ती बसायला तयार नव्हती. मी तीन किल्ल्या बिघडवल्या.

चारच्या सुमारास वळणापलीकडून आवाज आला. फट… फट… फट… ओलं कापड दगडावर आपटावं तसा. मग मास्तर दिसले. डाव्या हाताने एक टायर लोटत येत होते. त्याची नक्षीची अख्खी पट्टी सालीसारखी सुटून लोंबत होती आणि प्रत्येक फेऱ्याला रस्त्यावर आपटत होती. उजव्या हाताला सदरा गुंडाळलेला, सदरा लाल.

ही गोष्ट सांगताना एरवी मी त्यांना चाळीस किलोमीटर चालवतो. खरं तर दुधाच्या गाडीने त्यांना कोपऱ्यावर सोडलं होतं. त्या गाडीत चढतानाही त्यांनी तो टायर टाकला नाही.

तो त्यांनी जावयाच्या नडगीला टेकवून ठेवला.

"सरळ रस्ता होता, बापू. वळणसुद्धा नव्हतं. गाडी चरात पडलीय." मग लेकीला म्हणाले, "पाणी दे."

हात वाचला. पत्र्यात चिरडलेलं अंगठ्याचं पेर गेलं आणि त्याबरोबर नखही.

महिन्याभराने गाडी ठोकून सरळ करून आली. फळीवरचे चार टायर खाली उतरले. सवयीने मास्तरांनी अंगठा पुढे नेला, तो रबरावर टेकवला आणि तसाच राहू दिला. त्या गुळगुळीत टोकाला काय कळणार? मग ते बाजूला सरकले.

लेकीने हात पुसले आणि आपलं नख रोवलं.

"भरतेय का?" मास्तरांनी विचारलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"थांबा," ती म्हणाली.

जावईबापू गुडघ्यावर बसून ती खूण बघत होते.